लहू भागाजी पाखरे हजर आहे का?

झुरळं दिसली की बरं वाटतं, असं म्हणणारा एक माणूस मला माहीत होता.

एकशे शहाऐंशी भागिले तीनशे पासष्ट. उत्तर : एक्कावन्न पैसे.

सभागृहाबाहेरचा हिरवा बाक. त्याचा एक पाय आखूड. त्याखाली घडी करून ठेवलेला जुना छापील अर्ज.

घरात कुणीही हाक मारली तरी मी पहिल्याच हाकेला ओ देतो. अंघोळीला बसलेलो असलो तरी, तोंडात घास असला तरी. बायको म्हणते, “अहो, कुठे आग लागलेली नाही.”

पेन्सिल. दोन्ही बाजूंनी टोक केलेली.

नाव : लहू भागाजी पाखरे. नळ क्रमांक ४४१७. अर्धा इंच. थकबाकी : निरंक.

*

“उपळेकर, पंधराशेच्या आत बसवा,” शेवाळेसाहेब म्हणाले.

शेवाळे आमचे मुख्याधिकारी. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात वरिष्ठ लिपिक. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. शहराची पाणीपट्टी त्याआधी नऊ वर्षं वाढलेली नव्हती; अधूनमधून प्रस्ताव निघायचा, सुनावणी व्हायची आणि तो बारगळायचा. अर्धा इंची नळाला वर्षाचे नऊशे रुपये, भुयारी गटार त्यातच फुकट. नऊ वर्षांत वीज दुपटीला गेली, तुरटी महागली, क्लोरीन महागलं. धरणावरच्या पंपांचं बिल सात महिने थकलं होतं. वीज कंपनीनं शेवटची नोटीस दिली होती : दरवाढीचा ठराव दाखवा, हप्ते बांधून देतो, नाहीतर पंपांची वीज तोडतो.

दरवाढीची टिपणी मी केली होती. सगळा खर्च चौदा हजार नळांवर वाटून आकडा आला होता सोळाशे ऐंशी.

“सोळाशे म्हटलं की लोक दगड घेऊन येतील,” साहेब म्हणाले. “अध्यक्ष साफ म्हणाले, पंधराशेच्या आत द्या, सगळे हात वर करतील. चौदाशे नव्व्याण्णव द्या. चपलेच्या दुकानात लिहितात तसं.”

“वीज कमी करता येत नाही, साहेब. पगार येत नाहीत. तुरटी कमी केली तर लोकांच्या हंड्यात गाळ.”

“हे काय? कलम नऊ?”

“गटार उपसायचं यंत्र. सव्वीस लाख. नळामागे एकशे शहाऐंशी.”

साहेबांनी टिपणीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. मग मान वर केली तेव्हा ते हसत होते. वजाबाकी जमलेल्या मुलासारखे.

“चौदाशे चौऱ्याण्णव. बसलं की!”

“साहेब, मागच्या साली चेंबरमध्ये माणूस गेला, म्हणून तर ते कलम…”

“माहीत आहे मला. त्याच्या घरी मीच गेलो होतो. पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी पहिलं कलम तेच.” मग त्यांनी विचारलं, “नाव काय हो त्याचं?”

“लहू पाखरे.”

“ठेकेदाराचा माणूस ना?”

“हो.”

“पालिकेचा नव्हता.”

“नाही.”

मी पट्टी लावली आणि लाल शाईनं कलम नऊ खोडलं. रेघ अगदी सरळ आली. माझ्या रेघा नेहमीच सरळ येत.

*

खर्चाच्या कलमांसकट नोटीस फळ्यावर लागली. तीस दिवसांत एकशे एकतीस हरकती आल्या. त्यातल्या शंभरेक एकाच छापखान्यातून आलेल्या, खाली नुसती सही : दरवाढ रद्द करा. बाकीच्यांनी आपापल्या अक्षरात तेच लिहिलं होतं.

एक हरकत वहीच्या कागदावर होती. क्रमांक एकशे अठरा.

“साहेबांस, मी नळ नंबर ४४१७ ची. माझी हरकत अशी की तुम्ही पट्टी कमी वाढवली. माझे मालक गटारात वारले तेव्हा तुम्ही दारात उभे राहून म्हणाला की यंत्र घेणार. नोटिशीत यंत्र नाही. आता माझा दीर हिरामण त्याच कामाला उतरतो. यंत्राचे जे होतील ते माझ्या नळाला लावा. वर आणखी लावले तरी भरीन. पण यंत्र घ्या. द्वारका लहू पाखरे.”

मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. ते आधी मोठ्यानं हसले.

“एकशे तीस जण म्हणतात कमी करा, आणि ही एकटी म्हणते वाढवा! हिला अध्यक्ष करा.” मग त्यांनी कागद दुसऱ्यांदा वाचला आणि तो टेबलावर उलटा ठेवला. “ही सुनावणीत बोलली की इतिवृत्तात येणार. इतिवृत्तात आलं की विरोधक विचारणार, यंत्र कुणी काढलं? प्रस्ताव परत. सोमवारी वीज तुटणार. सत्तर हजार माणूस कोरडं.”

मी कागद उचलून घेतला.

“तुम्ही जुने आहात, उपळेकर,” ते म्हणाले. “बघा काय ते.”

आमच्या कचेरीत हुकूम असाच निघायचा.

*

त्याच आठवड्यात कचेरीच्या अंगणातलं चेंबर तुंबलं. सायकलतळावर काळं पाणी आलं. ठेकेदारानं दोन माणसं पाठवली. एक वर दोर धरून, दुसरा अंगाला तेल चोपडून चड्डीवर. पंचवीस-सव्वीसचा, काटक. पुढचे दोन दात फटीचे.

आमचे शिपाई मुरलीतात्या नाकाला उपरणं लावून काठावर उभे होते. मी मागे.

“काय रे हिरामण, झुरळं हायेत का?” तात्यांनी विचारलं.

हिरामणनं झाकण कडेला सरकवून आत वाकून पाहिलं. “हायेत की. पाव्हणे घरीच हायेत.”

“मंग उतर.”

“झुरळं दिसली की बरं वाटतं, भाऊसाहेब,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. “ती जगली तर आपण जगतो. दादाच्या टायमाला एक बी नव्हतं म्हणे.”

“मग उतरला कशाला तो?” मी विचारलं.

“वर मुकादम उभा होता ना.”

त्यानं कमरेचा दोर ओढून पाहिला. एक पाय आत टाकला आणि तसाच थांबला.

“भाऊसाहेब, वहिनीनं कागद दिलाय तुमच्याकडं. पोचला का?”

“पोचला.”

“गुरुवारी येणार हाय ती. मी म्हटलं, कशाला हेलपाटा, आपलं कोण ऐकतंय? तर म्हणती, कागद घेऊन शिक्का मारलाय, म्हणजे ऐकावंच लागतं.” तो हसला. “सातवी शिकलीय ना. ऐकत नाय कुणाचं.”

मग तो खाली गेला. दोर हळूहळू सुटत राहिला. मी तिथून निघायला हवं होतं, टेबलावर कामं होती. तो वर येईपर्यंत मी तिथेच थांबलो. वर आल्यावर त्यानं तात्यांकडे विडी मागितली आणि तात्यांनी ती जमिनीवर ठेवली. त्यानं ती तिथून उचलली.

*

गुरुवार. सभागृहात एक लांब टेबल. मधोमध साहेब, डाव्या हाताला मी, पुढ्यात यादी. दारात मुरलीतात्या. हरकतदार बाहेर, हिरव्या बाकावर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर.

रीत अशी : तात्यांनी यादीतलं नाव तीनदा पुकारायचं. आला तर आत, बोलला की मी नोंद करायची. तिन्ही पुकाऱ्यांना कुणी आलं नाही तर ‘हरकतदार गैरहजर, हरकत निकाली’. तात्यांचा आवाज तमाशात शोभावा असा होता. त्यांनी नाव घेतलं की खालच्या सायकलतळावरचा माणूससुद्धा वर बघायचा.

यादी नळाच्या नावानं निघते. नळ ज्याच्या नावावर, तो ग्राहक. आता आपल्याकडे माणूस जातो पण नळ त्याच्या नावावर राहतो. दहा-दहा वर्षं कुणी बदलत नाही. एका वर्षी तात्यांनी असंच एक नाव पुकारलं होतं. तो तरुण मुलगा महिन्यापूर्वी अपघातात गेला होता, आणि बाकावर त्याची आई बसलेली होती. ती जी ओरडली ते सगळ्या कचेरीनं ऐकलं. तेव्हापासून मी एक शिस्त पाळत आलो. आदल्या दिवशी यादी घेऊन बसायचं, आणि जिथे ग्राहक मयत आहे तिथे पुढे पेन्सिलीनं लिहायचं : ‘कै., तर्फे मुलगा अमुक’. ‘तर्फे पत्नी अमुक’. त्या यादीत अशी अकरा नावं होती.

“कैलासवासी गणपत रामजी भोंग, तर्फे मुलगा सुदाम! हजर आहे का?”

सुदाम भोंग आला, दोन मिनिटं ओरडला, गेला.

पेठकर गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, दर सुनावणीला यायचे, घरून डबा घेऊन.

“माझ्या नळाला अर्धा तास नुसती हवा येते,” ते म्हणाले. “फुस्स! मग पाच मिनिटं पाणी. तेव्हा माझी मागणी अशी की पाण्याचे पैसे पाण्याला लावा आणि हवेचे वेगळे दाखवा. निदान कळेल तरी, मी कशाचा ग्राहक आहे.”

सगळे हसले. साहेबही हसले. मी लिहिलं : ‘पाणी कमी दाबाने येते.’

एक वाजायला आला. एकशे सोळा. एकशे सतरा.

तात्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारातून दोन पावलं आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब, ह्याच्याम्होरं तुम्ही…”

“वाचा आहे तसं.”

“पर हा तर…”

“तात्या. यादीत आहे तसं.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

*

“लहू भागाजी पाखरे हजर आहे का?”

दारातून मला बाकाचं एक टोक दिसत होतं. तिथे दोन पाय होते. टाचांना भेगा, बोटांत जोडवी नाहीत. शेजारी कापडी पिशवी. हाक आली तेव्हा पायांची बोटं आत वळली. मातीत रुतवतात तशी.

*

“लहू भागाजी पाखरे हजर आहे का?”

बाहेर बोलणारे गप्प झाले. जिन्यावर कुणीतरी “कोण?” म्हणालं, कुणीतरी त्याच्या कानात काही सांगितलं. मग ती शांतता झाली, जी मी नंतर अनेक ठिकाणी ऐकली : लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात रांगेत बसलो असताना, स्वतःच्या घरात पंखा बंद पडल्यावर.

*

तिसऱ्या वेळी तात्यांचा आवाज फाटला.

“लहू… भागाजी पाखरे. हजर आहे का?”

बाक करकरला. आखूड पाय खालच्या कागदाला टेकून परत वर गेला. म्हणजे कुणीतरी उठलं होतं, किंवा नुसतं पुढे वाकलं होतं.

दारात कुणी आलं नाही.

मी लिहिलं : ‘हरकतदार गैरहजर. हरकत निकाली.’

“एकशे एकोणीस,” साहेब म्हणाले.

*

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. मी कागद आवरत होतो. ती आत आली. चाळिशीची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. कापडी पिशवी पोटाशी धरलेली.

“साहेब, माझा नंबर?”

“कितवा?”

“एकशे अठरा.”

“तो झाला. पुकारा झाला, कुणी आलं नाही.”

“पुकारा ऐकला मी.”

“मग ओ का नाही दिली?”

तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. सोडले. परत गुंडाळले.

“त्यांचं नाव होतं ते. मी कशी ओ देऊ?” मग म्हणाली, “आमच्याकडं म्हणतात, हाक आली तर तिसरीपर्यंत थांबावं. दुसरं काही असलं तर ते दोनदाच मारतं. तिसरी हाक माणसाचीच. तुमच्या माणसानं तिसरी बी मारली. मग मी जिन्याकडं बघत राहिले.”

“जिन्याकडे?”

“कोण येतंय का.”

मी यादीची घडी घालत होतो. घडी नीट बसेना.

“येड्यासारखं झालं मला,” ती म्हणाली. “कळतंय की मला, मीच तर त्यांचं सगळं केलं. पण एवढ्या मोठ्या कचेरीत बोलावतात, हजर आहे का विचारतात… वाटलं, तुमच्याकडं काय कागद आला असेल. माझं चुकत असेल.” तिनं डोळे पुसले नाहीत. त्यात पाणी नव्हतंच. “आता सांगू का? दोनच वाक्यं हायेत. पाठ करून आलेय.”

“नोंद बंद झाली, बाई.”

“दोनच.”

“आता नाही घेता येत. पुढच्या वर्षी पहिलं कलम तेच आहे. साहेबांनी शब्द दिलाय.”

“शब्द मागल्या साली बी दिला होता. हिरामण रोज उतरतो, साहेब. वर्ष कसं काढू मी?”

ती टेबलाच्या अगदी जवळ आली.

“तुम्हाला माहीत नव्हतं का, ते नाहीत म्हणून?”

“यादी नळाच्या नावानं निघते. चौदा हजार नळ आहेत. कोण मयत, कोण जिवंत, मला कसं माहीत असणार? मी तुम्हाला ओळखतही नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. चिडून पाहत नव्हती. दुकानात गेल्यावर नाणं खोटं निघालं, की माणूस ते उलटसुलट करून बघतो, तशी बघत होती.

“बरं,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नव्हतं.”

आणि गेली.

*

शनिवारी ठराव एकमतानं मंजूर झाला. चौदाशे चौऱ्याण्णव. सोमवारी मी स्वतः ठरावाची प्रत वीज कंपनीत नेऊन दिली. मंगळवारी सकाळी सहाला शहराला नेहमीसारखं पाणी आलं. एकही दगड पडला नाही. पेढे वाटले गेले. मी एक खाल्ला.

पाच महिन्यांनी, होळीच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजता हिरामण पाखरे बाजारपेठेतल्या चेंबरमध्ये उतरला. मुकादम वर उभा होता. दोर ओढला तेव्हा तो जड लागला. झुरळांचं मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या टिपणीत पहिलं कलम यंत्राचं होतं. पिवळं यंत्र आलं. साहेबांनी नारळ फोडला. त्यांची बदली झाली, पाठोपाठ दुसरे आले.

मुरलीतात्यांनी त्या गुरुवारनंतर पुकारा केला नाही. घसा बसलाय म्हणायचे. सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांचा घसा बसलेला होता. कचेरीबाहेर चहाच्या गाडीवर मात्र मी त्यांचा आवाज ऐकला आहे.

नळ तिच्या नावावर करून द्यायचा अर्ज मी तीनदा भरला. स्वतःच्या हातानं, सगळे रकाने. फक्त तिची सही हवी होती. तिन्ही वेळा तात्यांबरोबर पाठवला आणि तिन्ही वेळा तो सहीविनाच परत आला.

“काय म्हणाली?” शेवटच्या वेळी मी विचारलं.

“म्हणली, राहू द्या,” तात्या म्हणाले. “वर्षातून एक डाव तरी कचेरी त्यांचं नाव घेती.”

बिल दर एप्रिलला त्याच नावानं निघायचं. त्यात गटाराची पट्टीही असायची. पहिल्या आठवड्यात भरलं जायचं. मी निवृत्त झालो त्या वर्षीही थकबाकीच्या रकान्यात ‘निरंक’ होतं.

परवा बायको स्वयंपाकघरातून हाक मारत होती. मी ओ दिली. तिनं पुन्हा मारली, मी पुन्हा दिली. ती बाहेर आली आणि म्हणाली, “कुणाला ओ देताय? मी हाकच मारली नाही.”

सुनावणीच्या दिवशी सकाळी, दहाला पाच मिनिटं कमी असताना, ती जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभी होती. तिला बाक मी दाखवला होता. म्हणालो होतो, “बसा, द्वारकाबाई. तुमचं नाव पुकारलं की आत या.”